कडबा गाय पचवत नाही, तिच्या पोटातले जिवाणू पचवतात

डेअरीवर फॅट ३.५ वरून ३.१ वर आली की पहिला संशय पेंडेवर जातो. पोतं बदललं जातं, आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) किलोभर वाढतं आणि आठवड्याने फॅट आणखी खाली लागते. याचं कारण गव्हाणीत नसून गाईच्या पोटात आहे. दुधातली सुमारे निम्मी फॅट वैरणीच्या धाग्यातून तयार होणाऱ्या आम्लांपासून बनते, आणि तो धागा तोडायचं काम गाय स्वतः करतच नाही. सेल्युलोज, म्हणजे या धाग्याचा मुख्य घटक, तोडणारं विकर (एन्झाइम) तिच्या शरीरात तयार होत नाही. ते तयार करतात कोठीपोटातले, म्हणजे रुमेनमधले जिवाणू. म्हणून वैरण टाकताना आपण आधी त्यांना खाऊ घालतो आणि त्यांच्यामार्फत गाईला, एवढं धरून चाललं की पुढची सगळी कामं आपोआप सुचतात.

आत काय चालतं

मोठ्या गाईचं कोठीपोट शंभर ते दीडशे लिटरचं असतं. तापमान ३९ अंशांच्या आसपास, हवा जवळजवळ नाही. एका मिलिलिटर रसात हजार कोटी आणि त्याहून जास्त जिवाणू असतात. त्यांत धागा तोडणारे मुख्य तिघे: फायब्रोबॅक्टर सक्सिनोजेनेस, रुमिनोकोकस अल्बस आणि रुमिनोकोकस फ्लेव्हफेशियन्स. बिनहवेत वाढणारे हे जिवाणू वेगळे काढण्याची पद्धत अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेट यांनी बसवली, आणि या विषयाचा पाया तिथे पडला. जोडीला प्रजीव आणि बुरशीही असते. बुरशीचे तंतू ताटाच्या कठीण भागात घुसून त्याला फोडतात आणि मागून जिवाणूंना वाट मिळते.

जिवाणू रसात नुसते तरंगून हे काम करत नाहीत. ते धाग्याला चिकटतात, आणि कुठेही चिकटत नाहीत. कडब्याच्या ताटाची बाहेरची साल मेणचट असते, तिच्यावर त्यांची पकड बसत नाही. ते शिरतात कापलेल्या टोकातून, चावून चिरलेल्या भेगेतून, आणि ताट आतून बाहेर पोखरत येतात. मऊ गर आधी जातो, शिरा मागे उरतात, साल सगळ्यात शेवटी. शेणात दिसणारे सालीचे तुकडे म्हणजे हीच उरलेली साल. चिकटून विकर सोडायला वेळ लागतो आणि पुढची पचनक्रिया दीड-दोन दिवस चालते. कुट्टी का करायची आणि गाईला बसून रवंथ करायला वेळ का द्यायचा, याचं उत्तर या चिकटण्यात आहे.

त्यांना लागतं तरी काय? तीन गोष्टी. नत्र: हे तिघे प्रामुख्याने अमोनियातून आपली प्रथिनं बनवतात आणि सुक्या कडब्यात नत्र फारच कमी. सामू (पीएच; आकडा उतरला की आंबटपणा वाढला) ६.२ च्या वर: ६ च्या खाली घसरला की धागा तोडणारे थांबतात, पिठूळ (स्टार्च) खाणारे मात्र जोरात राहतात. आणि सवयीचं खाणं: चारा बदलला की जिवाणूंचा नवा मेळ बसायला दोन ते तीन आठवडे लागतात.

लिग्निन, म्हणजे ताटाला ताठ ठेवणारा भाग, यांच्यापैकी कुणालाच नीट पचत नाही. म्हणून उभं वाळून कडक झालेल्या ताटापेक्षा वेळेवर कापलेलं ताट किती तरी चांगलं.

रोजची घडी

कुट्टी दोन ते तीन सेंटीमीटरची ठेवा. यंत्राची पाती बोथट झाली की ताट कापलं न जाता चेंगरतं आणि लांब चिंध्या निघतात. त्या जनावर गव्हाणीत बाजूला सारतं. उलट बाजूची चूकही तितकीच वाईट: चाळणी लावून भुसा केला तर रवंथ कमी होतो. रवंथाबरोबर लाळ सुटते, दिवसाला शंभर लिटरच्या वर, आणि त्या लाळेतला सोडा हेच सामू वर ठेवायचं फुकट औषध आहे. भुश्यावर ते मिळत नाही.

सकाळी आधी वैरण, मग आंबोण. रिकाम्या पोटी तीन किलो भरडा पडला तर त्यातलं पिठूळ तासाभरात आंबायला लागतं. आंबोण एका वेळी दोन किलोच्या वर नको. जास्त लागत असेल तर तीन वेळा विभागा. ढोबळ हिशोब असा: शरीर पोसायला दीड ते दोन किलो, त्यावर गाईच्या दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, म्हशीच्या दर दोन लिटरमागे एक किलो. चारशे किलोच्या संकरित गाईला दिवसाला बारा ते चौदा किलो कोरडं द्रव्य, म्हणजे पाणी वजा जाता उरणारं खाणं, लागतं. हिरव्या चाऱ्यात ते पाचवा हिस्साच असतं. म्हणजे पंचवीस किलो मका टाकला तरी पोटात कोरडं पाचच किलो गेलं. पाच-सहा किलो कुट्टी असायलाच हवी.

खनिज मिश्रण रोज पन्नास ग्रॅम आणि मीठ तीसेक ग्रॅम. मिश्रणातल्या गंधकावाचून जिवाणूंना स्वतःची प्रथिनं नीट बनवता येत नाहीत. नत्राच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं गंधक त्यांना लागतं. पाणी चोवीस तास पुढ्यात असावं.

तेल जपून. एकूण कोरड्या खाण्यात स्निग्ध सहा टक्क्यांच्या वर गेलं की ते धाग्यावर पातळ थरासारखं बसतं आणि जिवाणूंना चिकटू देत नाही, शिवाय त्यांना मारतंही. दुधात फॅट वाढावी म्हणून रोज वाटीभर गोडेतेल पाजणारे नेमकी उलट गोष्ट करतात. सरकी किंवा सरकी पेंड माफक प्रमाणात चालते.

काडाला युरियाची प्रक्रिया

ज्वारीचा चांगला, पाऊस न लागलेला कडबा, विशेषतः रब्बीचा मालदांडी, मुळात आवडीने खाल्ला जातो. त्यावर ही मेहनत वाया. प्रक्रिया करायची ती गव्हाच्या काडावर, भाताच्या पेंढ्यावर, बाजरीच्या सरमाडावर. यांत कच्ची प्रथिनं तीन-चार टक्के असतात. प्रक्रियेनंतर ती सात-आठ टक्क्यांपर्यंत जातात आणि काड जास्तही खाल्लं जातं. युरियातून सुटलेला अमोनिया इथे दोन कामं करतो: लिग्निनने धाग्याभोवती आवळलेली गाठ सैल करतो आणि वर नत्र मागे ठेवतो.

प्रमाण पाठ करा: १०० किलो सुकं काड, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या एका गोणीत साधारण अकराशे किलो काड होतं. दोन जनावरांसाठी एका वेळी ५०० किलो करा, म्हणजे युरिया २० किलो आणि पाणी २५० लिटर. रोज प्रत्येकी पाच किलोने ते पन्नास दिवस पुरतं. काडाचं वजन अंदाजाने धरू नका. एक भारा काट्यावर घाला आणि बाकीचे मोजा. काड अंदाजापेक्षा कमी निघालं तर युरियाचं प्रमाण वाढतं आणि ती चूक जनावर भोगतं.

जागा उंच, पाणी न साचणारी घ्या. गोठ्याचा कोपरा, सिमेंटचा हौद किंवा मुरघासाची मोठी पिशवीही चालते. जमिनीवर करणार असाल तर खाली आणि वर जाड, भोकं नसलेला प्लॅस्टिक कागद हवा.

युरिया आधी पाण्यात पूर्ण विरघळवा. विरघळताना तो उष्णता ओढून घेतो आणि बादली बाहेरून हाताला गारठते, ओली होते. ढवळत राहा. तळाशी हात फिरवल्यावर एकही दाणा लागता कामा नये. न विरघळलेला दाणा काडात तसाच राहतो आणि एखादं जनावर नेमका तोच घास घेतं.

दहा किलो काड पसरा, त्यावर झारीने पाच लिटर द्रावण सारखं शिंपडा, दाताळ्याने उलटंपालटं करा आणि पायांनी तुडवा. त्यावर पुढचे दहा किलो. कडेला तुडवायचं लोक विसरतात आणि बुरशी कडेपासूनच सुरू होते. थर पुरे झाले की वरचा कागद खालच्या कागदाला गुंडाळा, कडांवर माती ओढा, वर जुने टायर किंवा वाळूच्या गोण्या ठेवा. झाकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढिगाभोवती फिरा. नाकाला झणझण लागली तर तिथे गळती आहे. माती लावून बंद करा.

उन्हाळ्यात २१ दिवस पुरतात. थंडीत आठवडाभर जास्त ठेवा, कारण युरियापासून अमोनिया करणारेही जिवाणूच आणि थंडीत तेही मंदावतात. तोपर्यंत उघडून बघायचा मोह टाळा.

उघडताना वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा आणि एकाच टोकाकडून उघडा. डोळ्यांत पाणी येईल असा उग्र वास हवा. काड पिवळसर तपकिरी आणि हाताला मऊ लागायला हवं. त्या दिवशीपुरतंच काढा, सावलीत पसरा आणि तीन-चार तास, वास ओसरेपर्यंत, हवा लागू द्या. मग गव्हाणीत. पहिले दोन दिवस एक हिस्सा प्रक्रियेचं आणि तीन हिस्से साधं, पुढे वाढवत आठवड्याने पूर्ण. नुसत्या नत्राने जिवाणूंचं भागत नाही, ते वापरायला त्यांना ताकदही लागते. म्हणून सोबत किलोभर भरडा किंवा गव्हाचा कोंडा असू द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना हे काड अजिबात नको.

काय बिघडतं ते असं. उघडल्यावर वास नाही आणि रंग फिका: अमोनिया निसटला, हे साधंच काड समजा. पांढरे-काळे ठिपके, कुबट वास: हवा शिरली, तेवढा भाग खतात टाका, झटकून खाऊ घालू नका. तळाला चिखल: पाणी जास्त झालं किंवा पावसाचं शिरलं. चौथी चूक सगळ्यात धोक्याची, आणि ती चांगल्या हेतूने होते. हिरवा किंवा अर्धवट वाळलेला गोडसर चारा या ढिगात घालणं. त्यातली साखर आणि अमोनिया यांच्यापासून मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य तयार होऊ शकतं. जनावर बिथरतं, गोल फिरतं, भिंतीला धडकतं, आणि ते द्रव्य दुधातून वासरातही उतरतं. इथे फक्त पूर्ण पिकलेलं, वाळलेलं काड. मुरघासाचं कल्चरही यात घालायचं नाही. मुरघास आंबट करून टिकवतात आणि हे त्याच्या अगदी उलट आहे.

युरियाची विषबाधा

युरियाचं पाणी उघडं राहिलं आणि जनावराने प्यायलं, किंवा कुणी वैरणीवर कोरडा युरिया भुरभुरला, की अर्ध्या-एक तासात लक्षणं दिसतात: अंग थरथरणं, तोंडाला फेस, पोटफुगी, जोरजोराचा श्वास, झटके. पोटात अमोनिया इतक्या वेगाने सुटतो की यकृताला तो आवरत नाही. डॉक्टरांना फोन करा. ते येईपर्यंत जनावर उभं असेल आणि गिळू शकत असेल तर मोठ्या जनावराला दोन ते चार लिटर व्हिनेगर तितक्याच थंड पाण्यात मिसळून हळूहळू पाजता येतं. आम्लामुळे अमोनिया रक्तात जायचा मंदावतो. आडव्या पडलेल्या जनावराच्या तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. प्रक्रिया करणाऱ्या घरात व्हिनेगरच्या चार-पाच बाटल्या आणून ठेवणं हा खर्च वाचवायचा नव्हे.

पोळ्याचा दुसरा दिवस

बैलपोळ्याला बैलाला पुरणपोळीचा मान असतो. एक-दोन पोळ्यांनी काही होत नाही. घरोघर फिरवून प्रत्येक दारात चार-चार चारल्या, किंवा लग्नातला उरलेला भात-बुंदी टोपलीने ओतली, की आत दुसरीच पंगत बसते. पिठूळ आणि साखर मिळाल्यावर स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस झपाट्याने वाढतो आणि लॅक्टिक आम्ल सोडतो. सामू ५.५ च्या खाली जातो. धागा तोडणारे मरतात, आणि आम्ल आवडणारे लॅक्टोबॅसिलस तेवढे उरून आम्ल वाढवतच राहतात.

बारा ते छत्तीस तासांत बैल खायचं सोडतो, रवंथ बंद होतो. डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागावर, मूठ दाबून ठेवा. निरोगी जनावरात दोन मिनिटांत दोन-तीन वेळा पोट हाताला वर ढकलतं. इथे ते गप्प असतं आणि हलवल्यावर आत पाणी डचमळतं. शेण पातळ, करड्या रंगाचं, आंबट वासाचं. नुकतीच सुरुवात असेल तर खुराक पूर्ण बंद, पुढ्यात फक्त सुका कडबा, आणि शंभर ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात. जनावर बसून राहिलं, डोळे खोल गेले, तर घरचे उपाय थांबवा. तिथे सलाईन आणि पोट धुणं लागतं. वाचलेल्या जनावराच्या खुरांवर पुढच्या काही आठवड्यांत लक्ष ठेवा. लंगडणं हा त्याच आम्लाचा मागून आलेला हिशोब असतो.

असं पोट ओस पडल्यावर निरोगी जनावराच्या कोठीपोटातला रस नळीने काढून आजारी जनावराला पाजतात. मोठ्या जनावराला किमान तीन लिटर, शक्य असेल तर आठ-दहा. रस काढल्याबरोबर गाळून, अंगाइतका कोमट ठेवून लगेच द्यायचा. गार झाला, हवा लागली की त्यातले कामाचे सगळे मेलेले. हे डॉक्टरांनीच करायचं, कारण नळी श्वासनलिकेत गेली तर खेळ संपतो. रस चांगला आहे का, हे ते मेथिलीन ब्लूच्या थेंबांनी पाहतात: निरोगी रसात निळा रंग तीन ते सहा मिनिटांत उडतो.

बाजारात ‘पोटाचे जिवाणू’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांबद्दल फार आशा धरू नका. यीस्ट असलेल्यांचा थोडा उपयोग होतो, कारण यीस्ट आत शिरलेला प्राणवायू संपवतं. पण खाणंच चुकत असेल तर पुडीतले पाहुणे तिथे टिकत नाहीत. आणि मोठ्या जनावराला तोंडावाटे प्रतिजैविकाच्या गोळ्या मनाने देऊ नका. जुलाब थांबतात की नाही ते पुढचं, कोठीपोट मात्र साफ होतं.

वाढे, सुबाभूळ आणि नवा चारा

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे गव्हाणीत वाढ्याशिवाय, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांशिवाय, काही दिसत नाही. वाढ्यात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. ते तोडणारे जिवाणू कोठीपोटात असतात, पण थोडे. वाढे हळूहळू वाढवत नेले तर त्यांची संख्या वाढते. एका दिवसात वीस किलोवर गेलात तर नाही. दर तीन-चार दिवसांनी एक चतुर्थांश बदल, असं पंधरा दिवसांत नव्या चाऱ्यावर या. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतालाही हाच नियम. वाढ्यांच्या दिवसांत खनिज मिश्रण चुकवू नका.

सुबाभळीची गोष्ट याहून गंमतीची. तिच्या पाल्यात मिमोसिन असतं, त्यामुळे ऑस्ट्रेलियात गुरांचे केस झडायचे आणि गळ्यातली ग्रंथी सुजायची. हवाईत मात्र शेळ्या तोच पाला मजेत खात. फरक पोटातल्या जिवाणूचा आहे, हे ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी दाखवलं. १९८० च्या दशकात तो जिवाणू ऑस्ट्रेलियाच्या गुरांना दिला गेला, आणि १९९२ मध्ये त्यांच्याच नावावरून त्याला सिनर्जिस्टेस जोन्सी हे नाव मिळालं. तरीही आपल्याकडे सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवणं बरं.

काम चाललंय का, हे कसं पाहायचं

दुपारी गोठा शांत असताना बसलेली जनावरं मोजा. निम्मी तरी रवंथ करत असावीत. एका घासाला चावे मोजा: पन्नास ते सत्तर ठीक, चाळीसच्या खाली आले तर वैरण कमी किंवा फार बारीक.

मग शेण धुवा. सकाळचं ताजं, तीन-चार जनावरांचं ओंजळ-ओंजळ घ्या, दोन मिलिमीटर भोकांच्या चाळणीत टाका आणि खाली स्वच्छ पाणी उतरेपर्यंत धार सोडा. चाळणीत उरलेलं वर्तमानपत्रावर पसरा. मक्याचे अख्खे दाणे दिसले तर भरडा जाड आहे. अर्ध्या इंचाहून लांब धागे बरेच असतील, आणि टोकं ताजी कापल्यासारखी तीक्ष्ण असतील, तर वैरण आत थांबलीच नाही, जिवाणू चिकटायच्या आत पुढे वाहून गेली. तेव्हा आंबोण अर्ध्या किलोने उतरवा, गव्हाणीत आधी कुट्टी टाका, आणि दहा दिवसांनी तीच चाळणी पुन्हा घ्या. धागे आखूड, मऊ, टोकाला विस्कटलेले दिसू लागले की पुढच्या डेअरीच्या पावतीवर फॅटचा आकडा बघा.